तांबडीचे पाय

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं ते गाईची धार काढायचं. काम म्हटलं तर म्हातारीचंच. मी आपला गाईच्या तोंडाशी उभा राहून गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होतो. माझ्याकडं एवढंच खातं होतं. आमची तांबडी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. मी खाली बसलो की कास आखडून घ्यायची आणि वर शेपटीचा फटका थोबाडावर. सगळी हयात औत धरण्यात गेली माझी, पण ह्या गाईनं मला कधी माणसात धरलं नाही. म्हातारी म्हणायची, "तुमच्या हाताला तंबाखूचा वास येतो, तिला न्हाई आवडत." तंबाखूचं निमित्त. दोघींचं आतून ठरलेलं होतं.

रविवारची संध्याकाळ होती. उन्हं कारखान्याच्या टाकीमागं गेली होती. चरवीत धार वाजत होती. ती वाजायची थांबली आणि म्हातारी मान वर न करता म्हणाली, "आवं, पाय बघा की हिचे."

"बघितले."

"आन् नाक?"

"झकास हाय."

"मग किती वर्सं ठिवायची म्हंता?"

आणि स्वतःच इतकी हसली की गाय बिचकून बाजूला सरली. मीही हसलो. मग धार परत वाजायला लागली, आणि तिनं आपला रोजचा विषय काढला.

"म्या गेल्यावर तुमी इकनार हिला. ठावं हाय मला."

"इकनार की. दुसऱ्या दिवशी चाकणच्या बाजारात उभी करतो. भरल्या अंगाची हाय, या बघा, म्हणून ओरडतो."

"पैशासाठी न्हाई इकायचे तुमी. धार निघंना म्हणून इकाल."

"तेच. गाय ठेवायची आणि दूध प्यायचं न्हाई, मग देव्हाऱ्यात बसवू काय तिला?"

"बसवा," ती म्हणाली. "निदान तिथं तरी तुमी हात धुऊन बसाल."

हे पाय आणि नाक आणि किती वर्षं ठेवायची, हे काय प्रकरण होतं ते सांगायचं तर आदल्या दिवसाचं सांगावं लागेल. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीचा मास्तर मला आवडला नाही आणि मी मास्तरला. म्हणून जसं घडलं तसंच सांगणार. सजवायचं असेल तर ज्याला येतं त्यानं सजवावं.

पिंपरीला औषधाचा कारखाना आला तेव्हा आमचं रान त्यात गेलं. कागदावर माझा अंगठा घेतला. मी म्हटलं, मला सही येते. कारकून म्हणाला, असू दे, अंगठा लवकर होतो. त्या रानात आम्ही बाजरी काढायचो, आता तिथं औषध काढतात. तेही कशाचं, तर बुरशीचं. आमच्या घरात भाकरीला बुरशी आली तर आम्ही ती कोंबड्यांना टाकत होतो. ह्यांनी त्या बुरशीची राखण करायला साता समुद्रापलीकडून गोरा साहेब आणला आणि त्याला बंगला बांधून दिला. बंगला बांधला तो नेमका आमच्या बांधावर. मला तिथं माळी म्हणून ठेवलं. ज्या जागेत माझ्या बापानं बाभळी लावल्या तिथं मी साहेबाच्या मडमेसाठी गुलाब लावले. बाभळीला पाणी लागत नव्हतं, गुलाबाला दोन वेळा लागतं. सुधारणा म्हणतात ती हीच असावी.

रान गेलं, तांबडी राहिली. ती म्हातारीनं स्वतः निवडलेली. माझी सासुरवाडी निघोजे. मेव्हणा गुरांचा हेडी, म्हणजे ह्याचं जनावर त्याच्या गळ्यात घालायचं आणि मधल्यामधे खायचं, हा त्याचा धंदा. सासराही तेच करायचा. त्यामुळं म्हातारीच्या कानावर लहानपणापासून चाकणच्या बाजाराची बोली. अंग भरलेलं आहे का, पाय कसे आहेत, नाक ओलं आहे का, दाती किती, तापट आहे का. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं मलाही असंच बघितलं असणार. दात बघितले की नाही तेवढं मला माहीत नाही. तांबडी तिनं कालवड असताना शंभर जनावरांतून काढली. मेव्हणा म्हणत होता, "आक्का, ही घेऊ नको, तापट हाय." ही म्हणाली, "तापटच पायजे. घरात एक गरीब गाय हायच." ती गाय कुणाला म्हणाली हे चाकणच्या बाजारात सगळ्यांना कळलं.

तांबडीचं दूध बंगल्यावर जायचं. म्हातारी ते मागच्या दाराला नेऊन द्यायची.

आता नाताळचं. त्या साली नाताळ मंगळवारी आला. शनिवार अर्धा, रविवार पुरा, म्हणून साहेब लोकांनी मधला सोमवारही गिळून टाकला आणि सलग सुट्टी केली. बंगल्यावर मोठी मेजवानी ठरली. त्यासाठी मुंबईहून खोका आला, त्यात लाल वाईनच्या बाटल्या. वाईन म्हणजे द्राक्षाची दारू. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं साहेब 'वाईट' म्हणतोय आणि त्याला ट येत नाही.

तेव्हा आमच्याकडं दारूबंदी. वाडीवर कुणी भट्टी लावली की पोलीस मडकी फोडायचे आणि माणूस घेऊन जायचे. साहेबाला मात्र परमिट. बंगल्यावर पुण्याचा एक आपला साहेब यायचा, कारखान्यातलाच, त्यालाही परमिट होतं. त्याच्याकडं डाक्तरची चिठ्ठी होती की दारू मिळाली नाही तर ह्याच्या प्रकृतीला धोका आहे. प्रकृती बघावी तर शेंगांचं पोतं. हातभट्टीवाल्यांना बिचाऱ्यांना प्रकृतीच नसते.

शनिवारी दुपारी खानसाम्यानं मला बागेतून हाक मारली. "चाचा, हात धुवा आणि आत या. खुर्च्या हलवायच्या हायेत." खानसामा खडकीच्या लष्करात वाढलेला. पाचही वेळा नमाज पढणारा, दारूचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता, आणि सकाळ-संध्याकाळ हात बाटल्यांत. मी एकदा विचारलं, तुला वाटत नाही का घ्यावीशी? म्हणाला, "चाचा, सराफाच्या दुकानात झाडू मारणारा काय पाटल्या घालून घरी जातो?"

खुर्च्या हलवून आम्ही दोघं स्वयंपाकघर आणि दिवाणखाना ह्यांच्या मधल्या दारात उभे राहिलो, पडद्याआड. आतला प्रकार मी ह्या डोळ्यांनी बघितला म्हणून सांगतो. टेबलावर पांढरी चादर. तीन-चार बाटल्या उघड्या. साहेब, मडम आणि पुण्याचा साहेब उभे. बसायला खुर्च्या हलवून घेतल्या, आणि कुणी बसलं नाही. एकेकानं ग्लासात बोटभर लाल पाणी घेतलं. उजेडाकडं धरलं. ग्लास गरागरा फिरवला. मग त्यात नाक घातलं, ओठ बुडेपर्यंत. मग तोंडात घेऊन चूळ भरली, खळाखळा, अगदी सकाळी विहिरीवर भरतात तशी. आणि मग पितळेच्या भांड्यात थुंकले.

मी खानसाम्याला म्हटलं, "दात दुखतात काय ह्यांचे?"

"चाखतायत. नाताळला कुठली ठेवायची ते ठरवतायत."

"मग थुंकतात कशाला?"

"सगळी गिळली तर चौथ्या बाटलीपर्यंत पोचणार कसे?"

मला ते पटलं. पण मनात आलं, आमच्या वाडीवरच्या माणसानं गिळली म्हणून तो आत गेला. थुंकली असती तर त्याला खुर्ची मिळाली असती.

चूळ झाली की बोलणं. मडम बोलायची, साहेब मान हलवायचा, मग साहेब बोलायचा आणि पुण्याचा साहेब दोघांच्याही वर मान हलवायचा. एकदा तर साहेब अजून ग्लास वर उचलतोय तोवर ह्याची मान हलून झाली होती. खानसामा मला एकेक शब्द मराठीत करून सांगत होता.

"ही कोरडी हाय म्हणतो."

"पाणी हाय ना?"

"पाणी हाय, पण कोरडी हाय."

"बरं."

"हिला जुन्या चामड्याचा वास येतो म्हणतो."

"मग टाकून द्या की."

"न्हाई चाचा, खूश झालाय. चामडं, तंबाखू आणि ओली माती, तिन्ही वास येतात म्हणतो. लई भारी माल हाय."

मी म्हटलं, हे तिन्ही वास मला येतात. मला कुणी नाकाजवळ धरून डोळे मिटले नाहीत अजून.

तेवढ्यात साहेबाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं मला बघितलं आणि बोट वाकवून आत बोलावलं. पुण्याचा साहेब मराठीत म्हणाला, "ये रे, घाबरू नको. साहेबांना तुझं मत पाहिजे." अरे-तुरे केलं. त्याच्या बापाच्या वयाचा होतो मी, पण बाप पुण्यात असेल आणि मी बागेत होतो. ग्लास हातात दिला. मी त्यांच्यासारखा गरगर फिरवला, थोडी चादरीवर सांडली. तोंडात घेतली. जीभ टाळ्याला चिकटली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. कुळी सगळी माळकरी, म्हणून गिळायचा प्रश्नच नव्हता. भांड्यात थुंकलो. मडमेनं टाळ्या वाजवल्या. एवढ्या नेमानं आयुष्यात मी कधी थुंकलो नव्हतो.

"कशी आहे?" पुण्याच्या साहेबानं विचारलं.

मी म्हटलं, "शिकेकाईचं पाणी तोंडात गेल्यावर कसं व्हतं? तसं."

त्यानं साहेबाला इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यात शिकेकाई नव्हती. सगळे खूश झाले. मला परत पडद्याआड पाठवलं.

आणि मग त्यांचं एका बाटलीवर ठरलं. तिचंच कौतुक सुरू झालं, आणि खानसामाही आता रंगात आला होता, मोठ्यानं बोलायला लागला. "चाचा, ठरली. ही तांबडी ठरली. भरल्या अंगाची हाय. नाक चांगलं हाय. पाय बघा म्हणतो हिचे, पाय लांब आणि सावकाश चालणारे. वय सात वर्सं. जरा तापट हाय, पण अजून दोन वर्सं ठेवली तर मऊ पडंल. पण ठेवायची न्हाई म्हणतो साहेब, मंगळवारी नाताळला हीच फोडायची."

मी म्हटलं, "फोडू दे. आपलं काय जातंय."

आमच्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, म्हातारी दुधाचं भांडं घेऊन उभी होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला बाटली दिसत नव्हती, ग्लास दिसत नव्हता. तिला माझी पाठ दिसत होती आणि शब्द ऐकू येत होते. ती हेड्याची लेक. भरल्या अंगाची, नाक चांगलं, पाय लांब, वय सात, तापट, तांबडी. आमच्या तांबडीला सातवंच चालू होतं. आणि वर गोऱ्या लोकांचा सण, तिथं गाय कशाला लागते हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत. आणि तिचा नवरा म्हणतोय, फोडू दे, आपलं काय जातंय.

दुधाचं भांडं पायरीवर ठेवून ती निघून गेली. भांडं मला दिसलं. मला वाटलं घाईत असेल.

संध्याकाळी घरी आलो तर दावण मोकळी. तिची दूधपिती कालवडही नाही. चूल पेटलेली नाही. म्हातारी उंबऱ्यावर आडवी बसलेली, मांडीवर विळा. आतून, माजघरातून, गाय हंबरली.

"गाय आत कशी?" मी विचारलं.

"मानसांनी गोठ्यात निजायचं. तुमची वाकळ तिथं टाकलीया."

"झालं काय?"

"कितीला ठरली?"

"काय?"

"पाय बघितले ना? नाक बघितलं. वय सांगितलंत. रुमालाखाली हात कुनी धरला, तुमी का त्या पुन्याच्या साह्यबानं?"

बाजारात सौदा रुमालाखाली बोटं धरून करतात, म्हणजे भाव तिसऱ्याला कळत नाही. मला काही उमजेना. मी म्हटलं, "अगं, कुणाचा हात? मी तिथं चूळ भरत होतो."

हे ऐकून ती आणखीच भडकली. तिला वाटलं सौदा झाल्यावर तोंड गोड केलं. जवळ येऊन तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला, आणि वास होता. थुंकलो तरी वास राहतो, हे साहेबानं सांगितलं नव्हतं.

"दारू पिऊन इकली," ती म्हणाली. "निदान सुद्दीवर तरी इकायची."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी हसायला लागलो. हसायला नको होतं. तिनं विळा बाजूला ठेवला आणि ती मला रडताना दिसली नाही, पण पदर तोंडाला लावला. मी समजावायला बसलो. म्हटलं, ते दारूचं बोलत होते. दारूला अंग असतं. दारूला नाक असतं. जी भरल्या अंगाची ती दारू, आणि तांबडी म्हणजे तिचा रंग. फोडायची म्हणजे बाटली फोडायची.

"दारूला पाय असत्यात?"

"असत्यात म्हणे."

"किती?"

हे मला माहीत नव्हतं.

"रान गेलं तवा बी तुमी असंच हसत घरी आला व्हता," ती म्हणाली. "म्हणाला, माळी म्हणून ठिवणार हायेत. म्या काय बोलले का? न्हाई बोलले. पर गाय माजी हाय. म्या हाय तवर तांबडी दावणीची हलायची न्हाई."

हे ती आवाज न चढवता म्हणाली.  त्या राती मी खरंच गोठ्यात झोपलो.

सकाळी बंगल्यावर दूध गेलं नाही. उन्हं वर आल्यावर खानसामा विचारायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मग उठून गेला आणि परत आला तो पिशवीत उरलेल्या वाईनची बाटली आणि एक ग्लास घेऊन. भर दिवसा, दारूबंदीत, आमच्या वाडीवर. टोपी नीट केली आणि म्हातारीसमोर मांडी घालून बसला.

"चाची, हे बघा. ही ती तांबडी."

त्यानं ग्लासात थोडी ओतली, फिरवली आणि उन्हात धरली. काचेच्या आतून लाल थेंब सावकाश खाली उतरायला लागले.

"हे पाय," खानसामा म्हणाला.

म्हातारीनं वाकून बघितलं. "हे पाय?"

"साहेब लोक पाय म्हणतात."

"हे ओघळ हायेत. ओघळ म्हणायला काय व्हतं त्यास्नी? माज्या जिवाला घोर लावला सगळ्यांनी." मग ग्लास घेतला, लांब धरून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "ह्यात उंदीर मेलाय."

"चामडं म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"उंदराचंबी चामडंच असतं."

तरी तिनं गाय बाहेर काढली नाही. खानसामा म्हणाला, मी साहेबाला सांगतो. म्हातारी म्हणाली, "त्यालाच घिऊन ये. त्येच्या तोंडनं ऐकते." मी म्हटलं, अगं, तो साहेब आहे, तो आपल्या दारात कशाला येईल. पण दुपारी साहेब आला. मडमही आली. वाडीतली सगळी पोरंटोरं मागं. साहेबाला खानसाम्यानं काय सांगितलं होतं माहीत नाही, पण तो दारातच हात जोडून उभा राहिला. आमच्या माजघरात गाय उभी आणि देव्हारा तिच्या शेपटीमागं, हे बघून मडमेनं तोंडावर हात धरला. साहेबानं गाईकडं बोट करून मान जोरानं हलवली, नाही, नाही. पोटाला हात लावून परत नाही, नाही. मग बाटली पिण्याची खूण करून, हो, हो. पुण्याचा साहेब बरोबर नव्हता म्हणून सगळं चटकन कळलं.

 म्हातारी साहेबाभोवती एक फेरी मारून आली. खरंच मारली. मागून बघितलं, पुढून बघितलं, हाफ चड्डीखालचे उघडे पाय बघितले. आणि म्हणाली, "अंगानं भरलाय. पाय बरं हायेत. नाक जरा मोठंय. तापट हाय, पर दोन वर्सं ठिवला तर मऊ पडंल."

वाडी हसून खाली बसली. साहेबानं खानसाम्याकडं बघितलं. खानसामा तोंड अगदी गंभीर करून इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबानं छातीवर हात ठेवून म्हातारीला मान लववली.

"काय सांगितलंस?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, ती म्हणते की साहेबांचं वय वाईनसारखं चढो."

मग म्हातारीनं तांबडीला माजघरातून काढून दावणीला बांधलं. माजघर सारवलं. मडमेनं दिलेला पाव गाईला घातला नाही, कालवडीला घातला. बाटली धुऊन रॉकेलला ठेवली. उरलेला दिवस जो येईल त्याला सांगत होती की दारूला पाय असतात. आणि संध्याकाळी आम्ही धार काढली, जी मी सुरवातीला सांगितली.

चरवी भरली तशी ती उठली, चरवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आज छातीत कायतरी भरून आल्यागत झालंय. लई हसले." भाकरी खाल्ली नाही. भिंतीला टेकून बसली, ती तशीच बसून राहिली. कारखान्याचा डाक्तर शेजाऱ्यांनी बोलावून आणला, तो सुट्टीतून उठून आला, वाईट माणूस नव्हता. काळीज थांबलं म्हणाला. आमच्या रानात आता कशाकशावर औषध होतं. थांबलेल्या काळजावर होत नाही.

निघोज्याला सांगावा सायकलवर गेला. मेव्हणा उजाडता उजाडता आला. तोवर बायकांनी तिला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. सवाष्ण गेली, भाग्याची म्हणत होत्या. भाग्य कुणाचं ते मी विचारलं नाही.

दारात बायकांचा आवाज आणि गोठ्यात तांबडीचा. धारेची वेळ टळून गेली होती. कास टम्म झाली होती, कालवड दोरी ओढत होती. एका शेजाऱ्यानं प्रयत्न केला, त्याला लाथ बसली. शेजारीण बसली, तिला शेपटी. गाय हंबरली की बायकांचा आवाज वाढायचा, बायकांचा वाढला की गाईचा.

मेव्हणा माझ्याजवळ येऊन बसला. रडून झालं होतं त्याचं. हेडी असला तरी भाऊ होता. म्हणाला, "दाजी, वेळ न्हाई ही बोलायची. पर जनावराची कास दगड व्हईल. ती तुमच्या हाताला यायची न्हाई, कुनाच्याच यायची न्हाई. म्या नेतो तिला. चाकणला चांगलं घर बघून देतो, आक्काचं जनावर म्हणून. खोटं करायचो न्हाई."

आणि मला कालचं माझंच बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवशी चाकणच्या बाजारात उभी करतो, असं मी तिला म्हणालो होतो. आज दुसरा दिवस होता आणि गिऱ्हाईक दारात येऊन बसलं होतं.

मी उठलो. चुलीतली राख घेऊन हात घासले, कोपरापर्यंत, तंबाखू जाईपर्यंत. परत घासले. तिचं काल नेसलेलं लुगडं बायकांनी गोळा करून कोपऱ्यात टाकलं होतं, ते गेलेल्याबरोबर द्यायचं असतं. मधे जोड शिवून दंड घातलेलं जुनं लुगडं, शेणाचा, दुधाचा आणि तिचा वास. मी ते उचललं आणि धोतरावरून गुंडाळलं. पदर डोक्यावरून घेतला. एक बाई रडायची थांबून म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." मागं कुणीतरी हसलंही. हसू दे. कालचा दिवस हसण्याचाच होता, थोडं उरलं असेल. कुंपणापाशी खानसामा दुधाचा डबा घेऊन उभा होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डबा मागं लपवला.

मी चरवी घेऊन तांबडीखाली बसलो. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती फसली असं मी म्हणणार नाही. शंभरांतून निवडलेली गाय होती, तिला दाढीतली बाई कळत होती. तिनं लुगड्याचा वास घेतला, बराच वेळ घेतला, साहेबानं ग्लासाचा घेतला नसेल इतका वेळ. मग नाकातून एक श्वास सोडला. माझ्या हातात सड गरम झाले, कास सैल पडली आणि चरवीत धार वाजली.

बायका गप्प झाल्या.

मेव्हणा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. हात कुठं ठेवावा त्याला कळत नव्हतं.

"तोंडाशी उभा ऱ्हा," मी म्हटलं. "पोळी खाजव तिची. हात थांबवू नको."